वालचंदशेठांची मोटार आणि आपला हप्ता



दिवाळीनंतर मला दोघीतिघींनी एकच प्रश्न विचारला. पेपरात रोज टॅरिफ टॅरिफ चाललंय, अमेरिकेनं आपल्या मालावर पन्नास टक्के लावले, मग मुलाला गाडी घ्यायचीय तर तिचं कर्ज आता महाग होणार का? कॉमर्सवाली म्हणून असले प्रश्न माझ्याकडे येतात, आणि मलाही ते आवडतात. या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. पण ते समजून घ्यायला अमेरिकेपासून सुरुवात करायची गरज नाही. मोटार, आयात कर आणि व्याज यांची गाठ जिथे पडली, ती गोष्ट आपल्याच सोलापुरातल्या, आपल्याच समाजातल्या एका माणसापासून सुरू होते.

आधी टॅरिफ म्हणजे काय ते. आपल्या वयाच्या बायकांना शहराच्या वेशीवरचे जकात नाके आठवत असतील. ट्रक थांबायचा, पावती फाडायची, मग आत. टॅरिफ म्हणजे तसाच नाका, फक्त देशाच्या वेशीवर. मराठीत आयात शुल्क. पैसे भरतो तो माल आणणारा व्यापारी, आणि तो ते गिऱ्हाइकाच्या बिलात घालतो. सगळे घालता आले नाहीत तर थोडे स्वतः सोसतो, थोडे माल पाठवणाऱ्याच्या गळ्यात मारतो. चाटी गल्लीत ज्यांची दुकानं आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापुरातला. वडील हिराचंद नेमचंद म्हणजे ‘जैन बोधक’ सुरू करणारे. मी बी.कॉम. केलं ते कॉलेज त्यांच्याच नावाचं. घरचा व्यापार होता, सावकारी होती, पण वालचंदशेठांचं मन पेढीवर रमेना. बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचं कंत्राट घेऊन ते बांधकामात शिरले. १९१९ मध्ये सिंधिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून लंडनला निघाली, तेव्हा इंग्रज बोट कंपन्यांनी भाडी पाडून त्यांना जेरीस आणायचा प्रयत्न केला. परक्या मालकाला आपल्या बाजारात मोकळं रान मिळालं की काय होतं, हे त्यांनी पुस्तकात वाचलं नव्हतं, अंगावर घेतलं होतं. त्यांनी पुढे संरक्षणाचा आग्रह का धरला ते यावरून कळतं.

मोटारीचा ध्यास तीसच्या दशकातला. तेव्हा मुंबईत मोटारी जोडल्या जात, बनवल्या जात नव्हत्या. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत जोडणीचा कारखाना काढला, पाठोपाठ फोर्डही आली. सुटे भाग बाहेरून पेट्यांतून यायचे आणि इथे बोल्ट आवळले जायचे. सर विश्वेश्वरय्यांनी भारतीय मोटार कारखान्याची योजना केली, वालचंदशेठ तिच्यामागे उभे राहिले, आणि बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारनं कारखान्याच्या भांडवलावर व्याजाची हमी द्यायची तयारी दाखवली. म्हणजे कारखाना सुरुवातीला चालला नाही तरी पैसे घालणाऱ्याला ठरावीक व्याज मिळेल, ते सरकार बघेल. भारतीय मोटारीच्या जन्माआधीच व्याजाचा प्रश्न तिच्या पुढ्यात उभा होता, हे मला फार गमतीचं वाटतं. दिल्लीच्या इंग्रज सरकारनं मात्र युद्धाचं कारण पुढे केलं आणि साथ दिली नाही. वालचंदशेठ अमेरिकेला जाऊन क्रायस्लर कंपनीशी बोलणी करून आले. (त्याच खटपटीच्या काळात विमानप्रवासात त्यांची पॉली नावाच्या अमेरिकन माणसाशी गाठ पडली आणि त्यातून बंगळूरचा विमान कारखाना उभा राहिला. मोटारीला निघालेला माणूस विमान घेऊन परतला!) शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या गेल्या, मग पन्नासच्या दशकात फियाट आली.

स्वातंत्र्यानंतर वालचंदशेठांना हवं होतं ते कुंपण मिळालं. १९४९ मध्ये पूर्ण तयार मोटारी बाहेरून आणायला बंदी झाली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशननं सांगितलं की ज्यांच्याकडे टप्प्याटप्प्यानं सगळे भाग इथेच बनवायचा कार्यक्रम आहे, त्यांनीच या धंद्यात राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्डनी गाशा गुंडाळला. वालचंदशेठ त्याच वर्षी, ८ एप्रिलला गेले. कुंपणाच्या आत पुढे काय पिकलं ते त्यांनी पाहिलं नाही.

पिकलं ते असं. हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर, प्रीमियरची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड, एवढ्यावर देशानं तीस वर्षं काढली. कारखाने झाले, कामगार तयार झाले, सुटे भाग बनवणारे लहान उद्योग उभे राहिले, याचं मोल मी कमी करत नाही. पण रोपासाठी घातलेलं कुंपण झाड मोठं झाल्यावरही कुणी काढलं नाही. कारखान्याला परवाना असेल तेवढ्याच गाड्या बनायच्या, बाहेरची गाडी येऊ शकत नव्हती, आणि घेणारे वाढत होते.

आता यात व्याज कुठे आलं? आमच्या मामंजींच्या वहीत आलं. त्यांनी १९७७ मध्ये फियाटसाठी नाव नोंदवलं आणि अनामत भरली. गाडी दारात आली १९८२ मध्ये, माझ्या लग्नानंतर वर्षभरानं. ते वहीत सगळं टिपून ठेवायचे, अगदी देरासरच्या भांडारात टाकलेले चार आणेसुद्धा. परिग्रह-परिमाणात त्यांनी ‘वाहन एक’ लिहिलं होतं, म्हणून गाडी येईपर्यंत स्कूटरही घेतली नाही, सायकलवर दुकानात जायचे. गाडीसाठी बाजूला काढलेली रक्कम बँकेत ठेव म्हणून होती. पण किंमत नोंदणीच्या दिवसाची नव्हे, गाडी मिळेल त्या दिवसाची द्यायची होती. पाच वर्षांत किंमत ठेवीच्या पुढे पळाली. ऐनवेळी सात हजार कमी पडले. ते नात्यातल्या एका पेढीवरून शेकडा सव्वानं आणले, म्हणजे दरमहा ८७ रुपये ५० पैसे व्याज. ती नोंद वहीत बारा वेळा आहे, आणि प्रत्येक नोंदीचं अक्षर आधीपेक्षा थोडं जास्त दाबून लिहिलेलं आहे.

ज्यांना धीर नव्हता ते जुनी गाडी ‘ऑन’ देऊन घ्यायचे. दोन वर्षं वापरलेली फियाट नव्या फियाटपेक्षा महाग, हे आजच्या मुलांना खरं वाटत नाही. पण जी वस्तू आज मिळते तिची किंमत आणि जी पाच वर्षांनी मिळेल तिची किंमत यांतला फरक म्हणजेच व्याज. ते बँकेच्या पासबुकात दिसत नव्हतं, ‘ऑन’ या नावानं रोखीत जात होतं.

मारुतीच्या वेळी हाच हिशोब मोठ्या आकड्यांत दिसला. १९८३ मध्ये नोंदणी उघडली, अनामत १०,००० रुपये. लाखाहून जास्त लोकांनी पैसे भरले. दहा हजार गुणिले एक लाख म्हणजे शंभर कोटी. पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली, किंमत ४७,५०० च्या आसपास. नीट बघा, आज आपण गाडीसाठी बँकेकडून कर्ज घेतो. तेव्हा गिऱ्हाईकच कंपनीला आधी पैसे देऊन ठेवत होतं. अनामतीवर काय मिळालं न मिळालं तो भाग सोडून द्या. समजा दहा हजार रुपये तीन वर्षं दहा टक्क्यांनी इतरत्र कामाला लागले असते, तर तीन हजार झाले असते. ४७,५०० च्या गाडीवर तीन हजार म्हणजे सहा टक्क्यांच्या वर. बंद बाजाराचं हे व्याज कुठल्याही बँकेनं लावलेलं नव्हतं, म्हणून कुणाला ते व्याज वाटलंही नाही.

तेव्हा हप्त्यानं घेणं म्हणजे हायर पर्चेस. अकाउंट्सच्या पेपरात हा धडा हमखास यायचा. रोख किंमत वेगळी काढा, व्याज वेगळं काढा, हप्ता भरेपर्यंत मालकी विकणाऱ्याची. १९७२ चा हायर पर्चेसचा कायदा आम्ही पाठ केला होता. गंमत म्हणजे तो कायदा संसदेत झाला पण अमलात कधी आलाच नाही, आणि २००५ मध्ये रद्द झाला. त्या धड्यातली एक गोष्ट मात्र आजही कामाची आहे. फायनान्सवाला ‘दहा टक्के फ्लॅट’ म्हणतो तेव्हा तो पाचही वर्षं मूळ रकमेवर दहा टक्के लावतो, तुम्ही दरमहा मुद्दल फेडत असलात तरी. एक लाखाचे पाच वर्षांत दीड लाख द्यायचे, हप्ता २,५००. घटत्या शिलकीवर हाच दर सव्वासतरा टक्क्यांच्या आसपास पडतो. नव्या गाडीला बँका बहुधा घटत्या शिलकीवरच दर सांगतात, पण जुन्या गाडीला आणि दुचाकीला फ्लॅट दर अजून कानावर येतो. विचारून घ्या.

१९९१ चं वर्ष या विषयात वगळून चालत नाही. देशाकडचे डॉलर संपत आले होते, सोनं गहाण पडलं. डॉलर वाचवायचे तर आयात अडवायला हवी, आणि त्यासाठी तेव्हा व्याज आणि अनामत हीच हत्यारं वापरली गेली. काही आयातींवर मालाच्या किमतीच्या दुप्पट रक्कम बँकेत अडकवून ठेवावी लागत होती, आणि आयातीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर २५ टक्के अधिभार होता. त्या वर्षाअखेर बँकांच्या मोठ्या कर्जांचा किमान दर वीस टक्क्यांवर गेला. आमचे हे तेव्हा नुकतेच दुकान वाढवायच्या विचारात होते, तो विचार तिथेच मिटला. जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पात मनमोहन सिंगांनी आयात शुल्काची कमाल मर्यादा तीनशेच्या वरून १५० टक्क्यांवर आणली, पुढच्या चार वर्षांत ती ५० वर आली. नव्वदच्या दशकात परदेशी कंपन्या इथे कारखाने काढू लागल्या, गाड्यांची रांग संपली, आणि त्याच सुमारास बँका गाडीच्या कर्जासाठी आपल्या दारात आल्या. हे दोन्ही एकाच काळात झालं तो योगायोग नव्हता. जी वस्तू मिळायला पाच वर्षं लागतात तिच्यासाठी आज कर्ज कशाला लागेल? रांग संपली तेव्हाच हप्ता सुरू झाला.

आता आजचा प्रश्न. टॅरिफ गाडीच्या कर्जात दोन वाटांनी शिरतं. एक वाट किमतीची, दुसरी व्याजदराची. आपण सगळ्या दुसरीकडे टक लावून बसतो. मी वहीत मांडून पाहिलं. आठ लाखांचं कर्ज, पाच वर्षं, दर नऊ टक्के. हप्ता साधारण १६,६०७. आता समजा दर एक टक्क्यानं वाढला, दहा झाला. हप्ता होतो १६,९९८, म्हणजे महिन्याला ३९१ जास्त, पाच वर्षांत साडेतेवीस हजारांच्या आत. उलट दर नऊच राहिला, पण आयात होणारे भाग महागल्यामुळे किंमत दहा टक्क्यांनी वाढली आणि ते ८०,००० ही कर्जातच घातले, तर हप्ता १,६६१ रुपयांनी वाढतो. पाच वर्षांत जवळजवळ एक लाख. चौपटीहून जास्त फरक. शिवाय विम्याचा हप्ता गाडीच्या किमतीवर असतो, तोही वाढतो. तरी शोरूममध्ये आपण पाव टक्क्यासाठी घासाघीस करतो आणि मुद्दल किती झालं ते शेवटच्या कागदावर बघतो.

व्याजदराची वाट थोडी वळणाची आहे, आणि तिथे आपल्यात आणि अमेरिकेत फरक पडतो. माझी भाची न्यू जर्सीत असते, तिनं गाडी घ्यायचं ठरवलं होतं. अमेरिकेनं ३ एप्रिल २०२५ पासून बाहेरून येणाऱ्या मोटारींवर २५ टक्के शुल्क लावलं. आयात माल महागला की महागाई वाढेल ही भीती, आणि महागाईची भीती असली की मध्यवर्ती बँक दर उतरवत नाही. तिथल्या बँकेचे अध्यक्ष पॉवेल यांनी जुलैमध्ये मान्य केलं की टॅरिफ नसतं तर त्यांनी दर आधीच खाली आणले असते. दर सप्टेंबरपर्यंत हलला नाही. म्हणजे भाचीला किंमत आणि दर दोन्हींचा फटका. मग त्याच सरकारनं जुलैत कायदा केला की अमेरिकेत जोडलेल्या नव्या गाडीच्या कर्जावरचं वर्षाला १०,००० डॉलरपर्यंतचं व्याज करपात्र उत्पन्नातून वजा मिळेल. एका हातानं घ्यायचं आणि दुसऱ्या हातानं थोडं परत द्यायचं. ती म्हणाली, मावशी, माझी गाडी जपानहून येते, मला त्यातलं काही नाही.

आपल्याकडे उलटं झालं, कारण शुल्क आपण लावलं नव्हतं, आपल्या मालावर लागलं होतं. २७ ऑगस्ट २०२५ पासून आपला बराचसा माल अमेरिकेच्या दारात पन्नास टक्के महाग झाला. त्यानं इथली महागाई वाढली नाही, धंदा मंदावण्याची भीती मात्र वाढली. महागाई आधीच उतरलेली होती, म्हणून रिझर्व्ह बँकेचा रेपो दर फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत ६.५० वरून ५.२५ वर आला. वर २२ सप्टेंबरपासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि वरचा सेसही गेला. म्हणजे टॅरिफच्याच वर्षी आपल्याकडे गाडीची किंमतही उतरली आणि दरही उतरला. प्रश्न विचारणाऱ्या मैत्रिणींना इथपर्यंतचं उत्तर ऐकून हायसं वाटेल.

पण हे सोलापूर आहे. आपल्याकडचे टॉवेल परदेशी जातात, त्यांत अमेरिकाही आली. ज्या घरात माग आहेत, किंवा निर्यातदाराला माल देणारं दुकान आहे, त्या घराला रेपो दर उतरल्याचा आनंद अर्धाच. ऑर्डर थांबली की पैसे अडकतात, आणि कर्ज देणारा तुमची जीएसटीची रिटर्न्स आणि खात्यातली उलाढाल बघतो. रेपो खाली आला म्हणून प्रत्येकाला कमी दर मिळत नाही. ज्याचं उत्पन्न डळमळीत दिसतं त्याला वरचा दर सांगितला जातो, नाहीतर जामीनदार मागितला जातो. परक्या देशाचं टॅरिफ आपल्या हप्त्यात शिरायची ही तिसरी वाट, आणि तिचा आकडा कुठल्याच पेपरात येत नाही. फिक्स्ड दरानं आधीच कर्ज घेतलेल्यांचा हप्ता रेपो उतरल्यावरही तेवढाच राहतो, हेही लक्षात असू द्या. गाडीची कर्जं बरीचशी फिक्स्ड असतात.

माझ्या जावेच्या मुलाचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा छोटा कारखाना आहे. आठ लाखांचं कर्ज काढून नवी गाडी घ्यायचं त्याच्या मनात होतं. मी त्याला दोन्ही हिशोब शेजारी शेजारी मांडून दिले. नव्या गाडीचे आठ लाख, नऊ टक्के, पाच वर्षं: व्याज १,९६,४०० च्या आसपास. तीन वर्षं वापरलेल्या गाडीचे चार लाख, दर मुद्दाम जास्त धरला, तेरा टक्के, चार वर्षं: हप्ता १०,७३१ आणि व्याज एक लाख पंधरा हजार. दर चार टक्क्यांनी जास्त, तरी खिशातून जाणारं व्याज ८१ हजारांनी कमी. त्याच्या बायकोला जुनी गाडी नको होती. त्यावर घरात आठवडाभर चर्चा झाली, मी त्यात पडले नाही. शेवटी त्यांनी जुनीच घेतली, पांढरी, आणि उरलेल्या ऐपतीवर कारखान्यातल्या सहा माणसांचे दोन महिन्यांचे पगार बाजूला काढून ठेवले.